माऊस आणि टचशिवाय स्क्रीनशी खेळायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १० दिवसांचं प्रदर्शन आहे. हाताशी एक लॅपटॉप आणि ४३ इंची टीव्ही आहे, शिवाय एक जुना मॉनिटर पडून आहे. माऊस, कीबोर्ड, टचस्क्रीन यांपैकी काहीही न वापरता येणाऱ्या-जाणाऱ्यांनी स्क्रीनशी खेळावं असं तुम्हाला वाटतं. वेबकॅमसमोर हवेत हात हलवून चित्र हलवायचा बेत आहे. त्यासाठी कोणता सेन्सर घ्यावा आणि दिवसभर एकट्या माणसाला हे सांभाळता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

सेन्सरकडे येऊच, पण खरी गोम वेगळीकडे आहे. समोरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला पहिल्या एक-दोन सेकंदांत कळलं पाहिजे की स्क्रीनवर जे हललं ते आपल्यामुळे हललं. हवेत हात हलवण्याचा प्रकार नेमका इथेच लंगडा पडतो. कॅमेऱ्याची हद्द दिसत नाही, चिमूट करायची की हात सरकवायचा हे कळत नाही, आणि यंत्राला आपण दिसलो की नाही याचाही पत्ता नसतो. माणूस दोनदा हात हलवतो, इकडेतिकडे बघतो आणि ओशाळून पुढे जातो. त्यातून हात खांद्याच्या उंचीवर एक-दोन मिनिटं धरला तरी भरून येतो. या क्षेत्रातले लोक त्याला ‘गोरिला आर्म’ म्हणतात.

म्हणून माझा क्रम असा राहील: आधी हात लावता येईल अशा साध्या वस्तू, मग कॅमेऱ्याने टिपलेली अख्ख्या शरीराची हालचाल, आणि बोटांचे इशारे अगदी शेवटी. हा क्रम परिस्थितीप्रमाणे बदलू शकतो. जागा अंधारी असेल आणि प्रोजेक्टर मिळत असेल तर शरीराची हालचाल वर जाईल. एका वेळी एकच माणूस बसून वापरणार असेल आणि सांगायला कुणी शेजारी असेल, तर बोटांचे इशारेसुद्धा चालतील. गर्दीत, उभ्या-उभ्या आणि सांगणारं कुणी नसताना मात्र वस्तूच जिंकतात.

वस्तूंचा मार्ग असा. एटमेगा३२यू४ ही चिप असलेला छोटा बोर्ड घ्या, म्हणजे आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. ही चिप यूएसबीला जोडली की लॅपटॉपला थेट कीबोर्ड म्हणून दिसते. आर्डुइनो उनो घेऊ नका, तो असा सरळ कीबोर्ड होत नाही. २०१२ साली आलेला मेकी मेकी हा तयार बोर्डही याच तत्त्वावर चालतो. तो मिळाला तर सोल्डरिंग वाचेल.

जोडणी सोपी आहे. प्रत्येक पिनपासून ५ व्होल्टला १० मेगाओहमचा (१ मेगाओहम म्हणजे १० लाख ओहम) रेझिस्टर, आणि त्याच पिनपासून एक वायर वस्तूला: फॉइल चिकटवलेला पुठ्ठा, धातूचा चमचा, ओल्या मातीचा गोळा, ६ बी पेन्सिलने जाड गिरवलेलं चित्र, काहीही. बोर्डाचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचं टोक, एका धातूच्या पट्टीला जोडायचा. माणसाचा एक हात पट्टीवर असताना दुसरा वस्तूला लागला की सर्किट पूर्ण होतं आणि पिनचं व्होल्टेज खाली ओढलं जातं. शरीरातून जाणारा प्रवाह फार तर अर्धा मायक्रोअँपिअर असतो, त्यामुळे भीतीचं कारण नाही.

रेझिस्टर एवढा मोठा का, हे समजून घेतलंत तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. पिन ‘शून्य’ आहे असं चिपने मानावं यासाठी व्होल्टेज साधारण १ व्होल्टच्या खाली यायला हवं. म्हणजे शरीराचा रोध त्या रेझिस्टरच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. कोरड्या हाताचा रोध काही लाख ओहमांपर्यंत सहज जातो, कधी १० लाखांवर. चिपच्या आतला पुलअप (पिन ५ व्होल्टला ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, त्याला ५ ते १२ किलोओहमचा हात लागेल. तसा हात कुणाचाच नसतो. १ मेगाओहम लावलात तर घामट हात चालतील आणि कोरडे हात गळतील. १० मेगाओहमला मर्यादा २५ लाख ओहमांची होते आणि बहुतेक सगळे त्यात बसतात. इंटरनेटवरचा नमुना बघून आतला पुलअप चालू ठेवला आणि ‘धातूला धातू लावला की चालतं, बोट लावलं की नाही’ अशी तक्रार आली, तर कारण जवळपास नेहमी हेच.

रोध वाढवला की गोंगाटही वाढतो. लांब वायर अँटेनासारखी वागते आणि घरगुती विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण पिनवर येते. त्यामुळे पिन एकदाच वाचून निर्णय घेऊ नका. दर मिलिसेकंदाला एकदा याप्रमाणे २० वाचनं साठवा. २० पैकी १४ किंवा जास्त वेळा पिन खाली असेल तर ‘लागला’, ६ किंवा त्याहून कमी वेळा असेल तर ‘सुटला’, आणि मधल्या पट्ट्यात आधीची स्थिती कायम. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन, त्यामुळे गुणगुण आपोआप सरासरीत जिरते. एवढ्या विलंबाचा माणसाला पत्ताही लागत नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना आणि नसताना अशी दोन्ही वेळा चाचणी घ्या. दोन पिनांच्या चार्जरवर ग्राउंड तरंगता राहतो आणि सगळं वागणं बदलतं. बॅटरीवर नीट आणि चार्जरवर वेड्यासारखं चालत असेल तर कोड तपासत बसू नका, अर्थिंगवाला चार्जर लावा.

प्रोग्राममध्ये दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठेवा. एक, थांबवायचा स्विच: एखादी पिन ग्राउंडला जोडलेली असेल तरच बोर्डाने कळा (कीबोर्डची बटणं) पाठवायच्या. ही सोय नसेल आणि कोडमध्ये चूक झाली, तर बोर्ड सेकंदाला शेकडो अक्षरं टंकत सुटतो आणि त्याच लॅपटॉपवर बसून चूक दुरुस्त करणं अशक्य होतं. दोन, कळ दाबली आणि कळ सोडली हे दोन्ही वेगवेगळं पाठवा, आणि स्क्रीनच्या बाजूला कळ दाबून धरल्यामुळे येणाऱ्या पुनरावृत्त्या गाळा. बाणांच्या कळा आणि स्पेस टाळा, स्क्रीनवरचा खेळ ब्राउझरमध्ये असेल तर त्यांनी पान सरकतं. साधी अक्षरं वापरा.

ग्राउंडची पट्टी कुठे ठेवायची हा यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. ‘एक हात इथे ठेवा’ अशी पाटी लावलीत तर निम्मे लोक वाचणार नाहीत. टेबलाची पुढची कड, जिथे माणूस झुकताना आपसूक हात टेकवतो, तिलाच अखंड धातूची पट्टी लावा. जमिनीवर फॉइल अंथरून काम होत नाही, बुटांचे तळ वीज वाहून नेत नाहीत. या अडचणीतूनच सगळ्यात मजेदार खेळ निघतो: पट्टी आणि वस्तू मुद्दाम इतक्या लांब ठेवा की एका माणसाचे हात पुरू नयेत. मग एकाने पट्टी धरायची, दुसऱ्याने वस्तू, आणि दोघांनी एकमेकांना टाळी दिली की स्क्रीनवर काहीतरी उमटतं. अनोळखी माणसंही आपण होऊन एकमेकांचे हात धरतात. चार-पाच जणांची साखळी चालवायची असेल तर मात्र १० ऐवजी २२ मेगाओहम लावा. दर सांध्याला त्वचेचा रोध वाढत जातो.

वायरिंगमध्ये बिघडतं ते नेहमी सांध्यांवर. तांब्याच्या टेपचा चिकट थर बऱ्याचदा वीज वाहून नेत नाही, म्हणून एका पट्टीवर दुसरी नुसती चिकटवून भागत नाही. टोक दुमडून तांब्याला तांबं लावा किंवा सोल्डरचा थेंब द्या. अ‍ॅल्युमिनियम फॉइलला साधं सोल्डर धरत नाही. तिथे वॉशर आणि स्क्रू लावून दाबून बसवा. पेन्सिलची रेघ हातांनी पुसट होत जाते, रोज सकाळी पुन्हा गिरवा.

दोन हातांची भानगडच नको असेल तर दुसरा पर्याय आहे स्पर्शाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारी चिप, उदाहरणार्थ एमपीआर१२१. तिला १२ इलेक्ट्रोड जोडता येतात, एका हाताने काम भागतं आणि फॉइल कागदामागे लपवता येते. चित्रातल्या माशाला हात लावला की स्क्रीनवरचा मासा पोहतो, अशी जादू इथे जमते. तिची खोड मात्र लक्षात ठेवा: सुरू होताना जी स्थिती असेल तीच ती ‘कुणी हात लावलेला नाही’ अशी धरते. म्हणून चालू करताना जवळ कुणी नको. वायरी शक्यतो फूटभराच्या आत, एकमेकींपासून दूर आणि पक्क्या चिकटवलेल्या हव्यात. हलणारी वायर म्हणजे खोटा स्पर्श. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते, त्यामुळे ५ व्होल्टच्या बोर्डाला थेट जोडू नका. व्होल्टेज बदलणारं सर्किट आधीच असलेलं मॉड्यूल घ्या.

आता कॅमेरा. इशारे ओळखण्यापेक्षा शरीराची सावली किंवा हालचाल वापरा असं मी सुचवेन. मायरन क्रुगर यांनी १९७० च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’मध्ये माणसाची सावलीच पडद्यावरचं पात्र केली. कॅमिल अटरबॅक आणि रोमी अचिटुव्ह यांच्या १९९९ च्या ‘टेक्स्ट रेन’मध्ये वरून पडणारी अक्षरं माणसांच्या डोक्या-खांद्यांवर अडकतात. तिथे माणूस ओळखणारी बुद्धिमत्ता वगैरे काही नाही. ठरावीक पातळीपेक्षा गडद जे दिसेल त्यावर अक्षर थांबतं, बस. छत्री उघडली तर छत्रीवर अक्षरं साठतात. लहान मूल, व्हीलचेअरवरची व्यक्ती, हातात पिशव्या घेतलेला माणूस, सगळ्यांना ते सारखंच चालतं. हाताचे २१ बिंदू शोधणाऱ्या मॉडेलला हा सर्वसमावेशकपणा जमत नाही.

हालचाल टिपायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन सलग चौकटींमधला (फ्रेममधला) फरक. कॅमेऱ्याचं चित्र ६४ × ३६ एवढं लहान करा, करडं करा, प्रत्येक चौकोनात आधीच्या चौकटीपासून किती फरक पडला ते मोजा. २५५ पैकी २५ च्या वर फरक असेल तर तिथे हालचाल आहे असं धरून सुरुवात करा आणि जागेवरच्या प्रकाशात आकडा जुळवा. एवढ्याला जुना लॅपटॉपही पुरतो. चित्र आडवं उलटायला विसरू नका. उजवा हात वर केल्यावर स्क्रीनवर डावीकडे हललं तर माणूस गोंधळतो, कारण त्याच्या मनात आरसा असतो.

इथे हमखास नडतो तो कॅमेऱ्याचा आपोआप बदलणारा एक्स्पोजर. पांढरा शर्ट घातलेला कुणी समोर आला की कॅमेरा अख्खं चित्र गडद करतो आणि प्रोग्रामला वाटतं सगळी खोलीच हलली. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने स्थिर करा. कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर नियम घाला: ६० टक्क्यांहून अधिक चौकोन एकदम बदलले तर ती चौकट फेकून द्यायची आणि अर्धा सेकंद थांबायचं. कॅमेऱ्याची पाठ खिडकीकडे हवी, तोंड नको. प्रकाश कमी असेल तर बरेच वेबकॅम सेकंदाला ३० वरून १५ चौकटींवर येतात आणि खेळ जड वाटू लागतो. मग आधी एक दिवा वाढवा, कोड नंतर बघू.

प्रोजेक्टर वापरलात तर आणखी एक फास असतो: भिंतीवरचं हलतं चित्र कॅमेऱ्याला दिसतं, तो त्यालाच हालचाल समजतो, त्यामुळे चित्र आणखी हलतं. उपाय म्हणजे कॅमेऱ्याला फक्त अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश दाखवणं. वेबकॅममधला अवरक्त रोखणारा फिल्टर काढायचा, पुढे पूर्ण उजेड दाखवून मग धुतलेल्या रंगीत निगेटिव्ह फिल्मचे दोन थर लावायचे आणि ८५० नॅनोमीटरच्या एलईडींनी जागा उजळायची. प्रोजेक्टरच्या प्रकाशात अवरक्त भाग नगण्य असतो, त्यामुळे चित्र कॅमेऱ्याला दिसेनासं होतं. तुमच्याकडे टीव्ही आहे, तेव्हा तुम्हाला हे करावं लागणार नाही. टीव्हीची पिडा वेगळी: चित्र ‘सुंदर’ करण्याच्या प्रक्रियेत तो १०० मिलिसेकंदांच्या आसपास विलंब घालू शकतो. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करा. फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

तरी बोटांचे इशारेच हवे असतील तर मीडियापाइप ही हाताचे बिंदू ओळखणारी लायब्ररी ब्राउझरमध्ये चालते. चिमूट ओळखताना अंगठ्याचं टोक (बिंदू ४) आणि तर्जनीचं टोक (बिंदू ८) यांमधलं अंतर नुसतं पिक्सेलमध्ये मोजू नका, माणूस मागे गेला की ते बदलतं. त्याला मनगट (बिंदू ०) ते मधल्या बोटाचं मूळ (बिंदू ९) या अंतराने भागा. गुणोत्तर ०.२५ च्या खाली गेलं की चिमूट मिटली, ०.४ च्या वर गेलं की सुटली, हे आकडे सुरुवातीला घ्या आणि जुळवा. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवलात तर सीमेवर चिमूट फडफडत राहते. थरथर घालवायला साधी सरासरी वापरली की हात जड होतो. ‘वन यूरो फिल्टर’ वापरा, तो हात स्थिर असताना जास्त गुळगुळीत करतो आणि वेगात असताना कमी. लायब्ररी आणि मॉडेलच्या फायली आधीच उतरवून लॅपटॉपवर ठेवा, नाहीतर प्रदर्शनात इंटरनेट गेलं की सगळंच बसेल. शिवाय ब्राउझर फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच्या (त्याच लॅपटॉपवरून चालणाऱ्या) पानाला कॅमेरा देतो, हेही धरून चाला. किनेक्टसारखा, वस्तू किती लांब आहे ते मोजणारा कॅमेरा जुना मिळाला तरी १० दिवसांच्या कामासाठी त्याच्या ड्रायव्हरांच्या मागे लागू नका.

पडून असलेला मॉनिटर मात्र मला जास्त खुणावतोय. एलसीडी पडद्याच्या पुढची ध्रुवक फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी, पोलरायझर) सोलून काढली की पडदा कोरा पांढरा दिसतो, आणि तीच फिल्म डोळ्यांपुढे धरली की चित्र उमटतं. फिल्म ९० अंशांत फिरवली की चित्र उलट्या रंगांत, निगेटिव्हसारखं दिसतं. सेन्सर नाही, कोड नाही, तरी लोक तुकडा हातात घेऊन पडद्यावर लपलेलं शोधत बसतात. त्यासाठी एलईडी बॅकलाइटचाच मॉनिटर घ्या. जुन्या, ट्यूबच्या बॅकलाइटवाल्या एलसीडींच्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्ट असतात, ते उघडू नका. प्लग काढून चौकट सोडवा, कोपऱ्यातून ब्लेडने फिल्म अलगद उचला आणि अगदी कमी कोनात, सावकाश ओढा. घाईत ओढलीत तर काच तडकते किंवा चिवट डिंक मागे राहतो. तो मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने थोडा थोडा काढा, कडेच्या पट्टीकेबलांवर थेंब जाऊ देऊ नका. सोलताना फिल्म वाकडी होते, म्हणून बघण्यासाठी ध्रुवक फिल्मचा वेगळा तुकडा आणून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवणं बरं. कुठल्या बाजूने सरळ चित्र दिसतं ते फिरवून ठरवा आणि चौकटीवर खूण करा.

हे परत जोडता येत नाही, तेव्हा मॉनिटर जायला हरकत नसेल तरच. नाहीतर न सोलताच एक प्रयोग करा: चालू स्क्रीनवर कोरं पांढरं पान ठेवा, पुढे पारदर्शक प्लास्टिकचा डबा किंवा चिकटपट्टीचे एकावर एक थर लावलेली काच धरा आणि ध्रुवक फिल्ममधून बघा. थरांच्या जाडीप्रमाणे रंग उमटतात आणि फिल्म फिरवली की पालटतात. मुलांनी चिकटपट्टीचे तुकडे लावून अदृश्य चित्र ‘काढायचं’, असा कोपरा तासाभरात उभा राहतो.

कुठलाही मार्ग घेतलात तरी स्क्रीनचा स्वभाव सारखाच ठेवा. कुणी नसताना ती काळी किंवा थिजलेली नको, काहीतरी मंद हलत असू द्या. पहिला प्रतिसाद १०० मिलिसेकंदांच्या आत आणि ठळक हवा, बारकावे नंतर उलगडू द्या. ‘सुरू करा’ असा पडदा ठेवू नका. चुकीचा स्पर्श अशी गोष्टच नको: कशालाही हात लागला तरी काहीतरी घडावं. ३० सेकंद कुणी काही केलं नाही की सगळं आपोआप मूळ स्थितीत यावं. कॅमेरा असेल तर चित्र साठवलं जात नाही हे मोठ्या अक्षरांत लिहा आणि खरोखर साठवू नका.

आता एकट्याने सांभाळण्याचं. होईल, पण लॅपटॉपला वाऱ्यावर सोडून नाही. ब्राउझर किओस्क मोडमध्ये (फक्त एकच पान पडदाभर दिसेल असा) चालवा, स्लीप, स्क्रीनसेव्हर आणि अपडेट बंद करा, वीज जाऊन आल्यावर लॉगिनपासून पानापर्यंत सगळं आपोआप सुरू होतंय का ते प्लग ओढून तपासा. पान दर तासाला, कुणी खेळत नसताना, स्वतःच रिफ्रेश होऊ द्या, म्हणजे मेमरी साठून येणारा सुस्तपणा दिसत नाही. उद्घाटनाच्या आधी तीन-चार जणांना काहीही न सांगता समोर उभं करा आणि गप्प राहून बघा. ते पहिला हात कुठे लावतात तिथेच वस्तू सरकवा. एक जास्तीचा बोर्ड प्रोग्राम भरून तयार ठेवा. फॉइल, टेप, वॉशर-स्क्रू, मल्टिमीटर आणि दोन जादा यूएसबी केबल एका डब्यात टेबलाखाली असू द्या. रोज सकाळी प्रत्येक वस्तूपासून बोर्डापर्यंत मल्टिमीटरने सलगता तपासायला पाच मिनिटं लागतात. १० मेगाओहमच्या सर्किटमध्ये तुटलेली वायर आणि कुणी न शिवलेली वस्तू प्रोग्रामला अगदी सारखीच दिसते, त्यामुळे हे काम दुसरं कुणी तुमच्यासाठी करणार नाही.